दत्तक गाव, श्रमदान आणि विद्यापीठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरला की कॉलेजांची शिबिराच्या गावासाठी शोधाशोध सुरू होते आणि तेच ते प्रश्न नव्याने कानावर येतात. विचारणारे मात्र वेगवेगळे असतात. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) जबाबदारी नव्यानेच गळ्यात पडलेले प्राध्यापक, मुलीच्या काळजीतले पालक, आणि 'ही पोरं येऊन नेमकं करणार काय' असा रास्त संशय असलेले सरपंच. खालची उत्तरं महाराष्ट्रातल्या कामावर बेतलेली आहेत. त्यांत माझी मतंही आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत.

एनएसएसमध्ये नेमकं किती काम करावं लागतं?

राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे रासेयो, २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. गांधीजींच्या जन्मशताब्दीचं ते वर्ष. सुरुवातीला देशातली ३७ विद्यापीठं आणि सुमारे ४० हजार विद्यार्थी त्यात होते. आजचा हिशेब साधा आहे. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास, आणि या दोन वर्षांत एक सात दिवसांचं निवासी शिबिर. एवढं पुरं केलं की प्रमाणपत्र मिळतं. १२० पैकी २० तास ओळखवर्गाचे, ३० कॉलेजच्या आवारातल्या कामाचे आणि ७० बाहेर, लोकांमधले. शंभर स्वयंसेवकांचं एक युनिट, त्याला एक कार्यक्रम अधिकारी. शिबिराला युनिटातले निम्मे जातात.

यातला ७० तासांचा आकडा लक्षात ठेवा. आठवड्याला दोन तास धरले तर पस्तीस आठवडे होतात, म्हणजे जवळपास सगळं शैक्षणिक वर्ष. पण बऱ्याच कॉलेजांत हे तास जयंत्या, पुण्यतिथ्या, शपथा आणि रॅल्यांमध्ये जिरून जातात. मग उरतं फक्त शिबिर, आणि सात दिवसांत गाव बदलायची अपेक्षा.

गुण किंवा श्रेयांक मिळतात म्हणून येणाऱ्यांचं काय करायचं?

येऊ द्यायचं. मुंबई विद्यापीठात एनएसएस आणि विस्तार कार्याच्या दहा वाढीव गुणांचा फायदा विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्यांनी घेतला. त्यातून चांगली कामंही झाली. गुणांसाठी आलेला मुलगा तिसऱ्या शनिवारी मनापासून काम करताना दिसतो आणि समाजसेवेवर भाषण ठोकून आलेला पहिल्याच उन्हात सावली शोधतो, हे प्रत्येक कार्यक्रम अधिकाऱ्याने पाहिलेलं असतं.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर मात्र अडचण वेगळीच झाली आहे. राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमांत एनएसएस सहअभ्यासक्रम म्हणून घेता येतं, शिवाय क्षेत्रीय प्रकल्प आणि समाज सहभाग ही श्रेयांकांची कामं आली. दोन श्रेयांकांचं प्रात्यक्षिक काम म्हणजे साठ तास. म्हणजे एनएसएसला कधी नाव न नोंदवलेला सगळा वर्ग एका सत्रात 'समाजात' जायला निघतो. प्रत्येकाने वेगळा विषय घेतला तर जवळच्या दोन गावांवर शेकडो प्रश्नावल्या कोसळतात. त्यापेक्षा एका विभागाने एकच प्रश्न घ्यावा आणि तो मुलांमध्ये वाटून द्यावा. तालुक्यातल्या विहिरींची पाणीपातळी, एसटीच्या वेळा आणि शाळेच्या वेळा यांचा मेळ, रेशन दुकानातला माल वेळेवर येतो का, असा कुठलाही. पुढच्या वर्षीच्या तुकडीने तोच प्रश्न पुढे न्यावा. विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातो, विभाग तिथेच असतो.

गाव 'दत्तक' घेणं म्हणजे काय?

कागदावर याचा अर्थ स्पष्ट आहे. एनएसएसच्या युनिटने एक गाव किंवा वस्ती निवडून तिथे सलग काही वर्षं काम करायचं. उन्नत भारत अभियान हा केंद्राचा दुसरा कार्यक्रम ११ नोव्हेंबर २०१४ ला सुरू झाला. त्याचं समन्वयन आयआयटी दिल्ली करते, आणि त्यात सहभागी संस्थेने पाच गावं घ्यायची असतात.

प्रत्यक्षात काय होतं, तर वेशीवर फलक लागतो. मग घरोघरचं सर्वेक्षण होतं, त्याची आकडेवारी पोर्टलवर चढते आणि गावाला त्यातलं काही परत मिळत नाही. दोन वर्षांनी दुसरं कॉलेज येतं आणि तीच माहिती पुन्हा मागतं. 'मागच्या साली भरून दिलं की' हे वाक्य ऐकलं नाही असा सर्वेक्षक विरळा. लोक मग सरळ खोटी उत्तरं देतात. शौचालय आहे का, आहे. वापरता का, वापरतो. पुढचं घर बघा.

म्हणून माझा आग्रह असतो की प्रश्नावली छापण्याआधी ग्रामपंचायतीत आधीच काय आहे ते पाहा. ग्रामपंचायत विकास आराखडा, कर आकारणी नोंदवही, अंगणवाडी आणि आशाताईंच्या नोंदी, तलाठ्याकडचा पीकपेरा. गावाची निम्मी माहिती तिथेच असते, फक्त ती कुणी एकत्र वाचलेली नसते. ती वाचून, नकाशावर मांडून ग्रामसभेत दाखवली तरी गावाच्या पदरात काहीतरी पडतं.

ग्रामसभेचं नाव निघालंच आहे तर एक सांगतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांना बहुतेक गावांत ग्रामसभा होते. कॉलेजने तिथे येऊन काय करणार ते सांगावं, गावाने ठराव करावा, आणि वर्षाने त्याच ठरावावर हिशेब द्यावा. नुसतं सरपंचांचं पत्र घेऊन काम सुरू केलं की ते सरपंचांच्या गटाचं काम होऊन बसतं आणि निवडणुकीनंतर त्याचं काय होतं ते सांगायला नको.

सरपंच म्हणून कॉलेजकडे मी काय मागू?

झाडलोट मागू नका. रस्ता झाडायला गावात माणसं आहेत. कॉलेजमध्ये जे आहे आणि गावात नाही ते मागा. म्हणजे प्रयोगशाळा, संगणक, सर्वेक्षणाची यंत्रं, नकाशे वाचता येणारी माणसं, आणि जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज कसा लिहायचा ते ठाऊक असलेली पोरं.

उदाहरणार्थ पाणी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. नायट्रेटची ४५. रसायनशास्त्राची पदवी प्रयोगशाळा ही मोजमापं करू शकते. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाणी तपासणीच्या पेट्या पोचल्या आणि गावातल्या पाच महिलांना प्रशिक्षण द्यायचं ठरलं. कित्येक ठिकाणी ती पेटी कपाटात आहे आणि रसायनांची मुदत उलटून गेली आहे. कॉलेजने त्या महिलांसोबत बसून दर दोन महिन्यांनी नमुने तपासले, वहीत लिहिले, तर तेवढ्यानेही पुष्कळ होईल. एक पथ्य पाळायचं. आकडा वाईट आला तर तो चावडीवर वाचून घबराट उडवायची नाही. आधी जिल्ह्याच्या सरकारी प्रयोगशाळेतून नमुना पुन्हा तपासून घ्यायचा. कारवाई त्यांच्या अहवालावरच होते.

माती तशीच. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश यांचे आकडे कार्डावर छापून दिले आणि कुणी समजावून सांगितले नाहीत, तर कार्ड ट्रंकेत जातं. शेतकऱ्याला हवं असतं एवढंच, की यंदा डीएपीची एक गोणी कमी टाकली तर चालेल का. त्याचं उत्तर कृषी महाविद्यालयाचा विद्यार्थी देऊ शकतो, तेही बांधावर उभं राहून.

या दिशेने सर्वांत नेटाने काम केलं ते आयआयटी मुंबईच्या 'सितारा' या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या, १९८५ पासूनच्या केंद्राने. तिथल्या विद्यार्थ्यांनी नळपाणी योजना का बंद पडतात, पंप कुठे कमी पडतो, कुठली वाडी टाकीपासून उंचावर राहते, हे अभ्यासाचे विषय म्हणून घेतले. २०१६ मध्ये राज्य सरकारने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केलं. त्यातून जिल्ह्यांतली अभियांत्रिकी महाविद्यालयं अशा कामाला जोडली गेली, जलयुक्त शिवारच्या कामांचं मूल्यमापनही त्यांतल्या काहींनी केलं. पोकरा या राज्याच्या कृषी प्रकल्पातल्या गावांचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धतही आयआयटीने बसवून दिली. यात कुठेही झाडू नाही, फेटे नाहीत. वृत्तपत्रात फोटो येण्यासारखंही फारसं काही नाही.

शिबिरात वनराई बंधारा बांधायचा आहे. काय लक्षात ठेवावं?

सगळ्यात आधी तारीख. मोहन धारियांच्या 'वनराई' संस्थेमुळे घरोघरी पोचलेला हा बंधारा स्वस्त आणि सोपा आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती किंवा वाळू भरायची, तोंड शिवायचं, आणि ओढ्यात आडवे थर रचायचे. पण तो अडवतो वाहतं पाणी. परतीचा पाऊस संपून ओढ्याची धार बारीक होते तेव्हा, म्हणजे देशावर साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ते नोव्हेंबरात, तो बांधायला हवा. एनएसएसची शिबिरं होतात डिसेंबर-जानेवारीत, सत्राच्या परीक्षा आटोपल्यावर. मराठवाड्यात किंवा माणदेशात तोवर ओढ्यात दगड उरलेले असतात. तरी बंधारा बांधला जातो, नारळ फुटतो, फोटो निघतो.

उपाय अवघड नाही. नियमित ७० तासांतले दोन रविवार ऑक्टोबरात काढा आणि बंधारा तेव्हाच उरका. हिवाळी शिबिरात त्यामागे किती पाणी साठलं, खालच्या बाजूच्या विहिरींची पातळी किती, ते मोजा. कोकणातली गोष्ट निराळी. तिथे वहाळ उशिरापर्यंत वाहतात, त्यामुळे वनराई, विजय किंवा कच्चे बंधारे डिसेंबरातही कामाला येतात.

बांधताना अरुंद पात्र आणि दोन्हीकडे टणक काठ असलेली जागा पाहावी. तळाशी रुंद, वर निमुळता. गोण्यांचे सांधे एकावर एक येऊ देऊ नयेत. पाण्याच्या अंगाला चिकणमाती ठासावी, नाहीतर गोण्यांमधल्या फटींतून सगळं पाणी निसटतं. मधोमध थोडा खोलगट भाग सोडावा, म्हणजे जादा पाणी काठ न पोखरता वरून जाईल.

आणि मे महिन्यात त्या गोण्या काढायला जायचं. हे काम कुणाच्याच नियोजनात नसतं. पहिल्या पुरात गोण्या फाटतात आणि प्लास्टिकचे धागे खालच्या शेतांत, तिथून नदीत जातात. पर्यावरणाच्या नावाखाली आपणच ओढ्यात प्लास्टिक सोडायचं, याला काय म्हणावं?

किती झाडं लावावीत?

जेवढ्यांना तीन उन्हाळे पाणी घालता येईल तेवढी. शंभर मुलांच्या युनिटला शंभर झाडं जगवणंसुद्धा भारी पडतं.

१ जुलै २०१६ ला राज्याने दोन कोटी रोपांचा संकल्प केला. पुढच्या वर्षांत तो चार कोटी, तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटींवर गेला. कॉलेजांवरही उद्दिष्टं आली. त्या काळात एकाच खड्ड्यात दरवर्षी नवं रोप लावल्याचे विनोद प्राध्यापकांच्या खोलीत चालत. आकडा मागितला की आकडाच मिळतो.

खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावेत. लागवड जूनचे दोन चांगले पाऊस झाल्यावर. कडुनिंब, करंज, वड, उंबर, बहावा, आपटा, बेहडा, कोकणात उंडी आणि वावडिंग, विदर्भात मोह आणि चारोळी, असं त्या त्या मातीतलं घ्यावं. गिरिपुष्प भराभर वाढतं म्हणून सगळीकडे लावलं गेलं, पण त्याखाली दुसरं फारसं काही उगवताना दिसत नाही. आणि मोकळं दिसणारं प्रत्येक माळरान 'ओसाड' नसतं. पुणे, सोलापूर, नगरकडची गवताळ माळरानं लांडगे, चिंकारा यांचं घर आहेत आणि धनगरांच्या मेंढ्यांचं कुरणही. तिथे खड्डे खणून झाडं लावणं हे नुकसानच आहे. जागा ठरवायच्या आधी वनस्पतिशास्त्राच्या विभागाला आणि गावातल्या मेंढपाळांना विचारा.

झाडं लावण्याइतकंच मोलाचं पण दुर्लक्षित काम म्हणजे जी आहेत त्यांची नोंद. वि. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया हिंडून अभ्यासल्या. आज त्या देवरायांचं काय झालं हे पाहायला त्याच तालुक्यातलं कॉलेज का जाऊ नये? जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे गावाची लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे तिथल्या झाडाझुडपांची, प्राण्यांची आणि त्यांबद्दलच्या माहितीची नोंद, असायला हवी. हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घातली तेव्हा बऱ्याच नोंदवह्या घाईघाईत उरकल्या गेल्या. शेजारच्या गावाची यादी उतरवलेल्याही सापडतील. ती नोंदवही गावातल्या जाणत्या बायकांसोबत बसून पुन्हा नीट करणं हे दोन वर्षांचं सुंदर काम आहे.

आमचं कॉलेज शहरात आहे. आम्ही गाव कुठून आणू?

आणू नका. शहरातच भरपूर आहे, आणि या राज्यात विद्यापीठाच्या विस्तार कार्यातून उभं राहिलेलं सगळ्यात मोठं काम शहरातलंच आहे, पुण्यातलं.

१९९० च्या सुमाराची ही गोष्ट. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या निरंतर आणि प्रौढ शिक्षण विभागाकडे साक्षरतेचं काम होतं. पौर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण आणि त्यांचे सहकारी वस्त्यांमध्ये वर्ग चालवत होते. तिथल्या कचरा वेचणाऱ्या बायकांना पाटीपेन्सिल ही काही पहिली निकड नव्हती. पहाटेपासून उकिरड्यात हात घालून, कुत्र्यांशी झटापट करून, वर लोकांकडून चोर म्हणवून घेत त्या जगत होत्या आणि लेकरंही सोबत वेचत होती. विद्यापीठातल्या मंडळींनी तिथे शिकवणं थोडं बाजूला ठेवलं आणि ऐकून घेतलं. घरांमधूनच सुका कचरा वेगळा मिळाला तर कमाई वाढेल आणि हातही घाण होणार नाहीत, या विचारातून सोसायट्यांशी बोलणी सुरू झाली. त्यात पैसा आहे हे दिसताच दुसरे त्यात उतरू पाहू लागले, आणि संघटनेशिवाय हा हक्क टिकणार नाही हे उघड झालं.

१९९३ मध्ये बाबा आढावांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. महापालिकेने मान्य केलेली ओळखपत्रं मिळाली. रस्त्यावर पोलिसाला दाखवायला कागद हातात आला, ही त्या बायकांसाठी साधी गोष्ट नव्हती. पुढे त्यांच्या श्रमांमुळे महापालिकेचा किती खर्च वाचतो याचे अभ्यास झाले, आणि ते आकडे वाटाघाटीत उपयोगी पडले. २००८ मध्ये कष्टकऱ्यांच्याच मालकीच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेचा पुणे महापालिकेशी करार झाला. घरोघरी कचरा गोळा करायचा, घराकडून ठरलेलं शुल्क घ्यायचं, सुका माल विकून आलेले पैसे स्वतःचे.

मला या गोष्टीत महत्त्वाचा वाटतो तो क्रम. विद्यापीठ आपला ठरलेला कार्यक्रम घेऊन गेलं, समोरच्यांना तो नको आहे हे ओळखलं, आणि तरी परत आलं नाही. विभागप्रमुखांनी 'साक्षरतेचं उद्दिष्ट अपूर्ण' असा शेरा मारून काम थांबवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. प्रशासनाने प्राध्यापकांना तेवढी मोकळीक दिली, पगार सुरू ठेवला, संस्थेचं नाव मागे उभं केलं. विद्यापीठाने स्थानिक लोकांना मदत करायची म्हणजे बहुतेक वेळा हेच असतं.

तुम्ही आज काय करू शकता? आधी तुमचा कचरा कोण नेतं त्यांचं नाव विचारा. वसतिगृहात वापरलेले सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची सवय लावा. ही मोहीम 'स्वच्छ'च्याच बायकांची. पुडी न उघडता आत काय आहे ते त्यांना कळावं, एवढीच मागणी. पथनाट्यापेक्षा हा ठिपका जास्त कामाचा.

गणपती आणि वारीच्या वेळी विद्यार्थ्यांना काय काम देता येईल?

विसर्जन घाटावर निर्माल्य गोळा करणं आणि मूर्तिदानाचं आवाहन, ही आता रुळलेली कामं आहेत. यात प्रयोगशाळेची भर घालता येते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवायची पद्धत दिली आणि महापालिका ती पावडर नागरिकांना वाटू लागली. घरच्या बादलीत दोन-तीन दिवसांत मूर्ती विरघळते. तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसतं, वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं, ते पातळ करून झाडांना घालता येतं. अकरावीची मुलंही हे समीकरण लिहू शकतात. चौकात टेबल मांडून ते समजावून सांगणं ही त्यांची परीक्षाच समजा. शाडूची मूर्ती आणली तर हा सगळा खटाटोप लागत नाही, हेही तिथेच सांगावं.

वारीत पुणे विद्यापीठाच्या एनएसएसने पालखी मार्गावर 'स्वच्छ वारी, स्वस्थ वारी, निर्मल वारी, हरित वारी' असं काम चालवलं. जेवणाच्या पत्रावळी गोळा करून मुक्कामाच्या गावात खड्ड्यांत त्यांचं खत करायचं. खऱ्या पानांच्या पत्रावळी असल्या तरच हे जमतं, प्लास्टिकचा थर दिलेल्या असल्या तर खड्ड्यातून तशाच निघतात. वारकरी पंगतीच्या रांगेत भाषण ऐकत नाही, पण 'माउली, पत्रावळ इकडं' एवढं म्हटलं की हसून देतो.

कॉलेजच्या आवारातच काही केलं तर ते मोजायचं का?

मोजायचं, आणि आधी तेच करायचं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा परिसर ८५३ एकरांचा आहे. तिथे तलाव, विहिरी आणि शेततळ्यांतून पाणी साठवून विद्यापीठ पाण्याबाबत आपल्या पायावर उभं राहिलं. ज्यांच्या वसतिगृहात टाकी भरून रात्रभर वाहते त्यांनी गावात जाऊन जलसाक्षरतेवर बोलू नये. मेसमधलं उरलेलं अन्न कुठे जातं हा प्रश्न तर प्राचार्यांनाही अडचणीचा वाटतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेला 'निसर्गऋण' बायोगॅस प्रकल्प अशा खरकट्यावर चालतो. तो परवडत नसेल तर कंपोस्टचे दोन हौद पुरतात. रोज वजन करून फळ्यावर लिहिलं तर महिन्याभरात ताटातलं अन्न कमी झालेलं दिसतं.

आमच्या मुलीला शिबिराला पाठवावं का?

पाठवा. पण आधी विचारा: सोबत महिला प्राध्यापक पूर्ण सात दिवस राहणार आहेत का, मुलींचा मुक्काम कुठे आहे, स्वच्छतागृहं किती आहेत, जवळचं आरोग्य केंद्र किती लांब, विहीर-तलावावर पोहायला बंदी आहे का. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी एवढी उत्तरं मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. चांगला कार्यक्रम अधिकारी ती न विचारताच देतो.

पूर आला आहे. मुलांची गाडी लगेच काढायची का?

पहिल्या दिवशी नको. तेव्हा बोटी आणि प्रशिक्षित पथकं लागतात, हौशी गर्दी नाही. मुलांची गरज पडते पाणी उतरल्यावर. जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये घराघरांत, दुकानांत चिखलाचे थर बसले होते. तो उपसायला हात हवे होते, आणि महाराष्ट्रभरातून ते आले. जाताना गमबूट, हातमोजे, फावडी, स्वतःचं पाणी आणि शिधा घेऊन जायचं, पूरग्रस्तांच्या पंगतीला बसायचं नाही. चिखलात काम म्हणजे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका, त्यामुळे निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. जुने कपडे गोळा करून ट्रक पाठवू नका. त्यांचे ढीग नंतर रस्त्याकडेला कुजतात.

आणखी दोन महिन्यांनी पुन्हा जा. पंचनामे अडलेले असतात, कागदपत्रं भिजलेली असतात, खात्यावर पैसे का आले नाहीत ते कुणाला कळत नसतं. कायद्याच्या आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांची गरज तेव्हा असते. तोवर बातम्या थांबलेल्या असतात.

मजुरीचं काम फुकट करणं योग्य आहे का?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, म्हणून तो इथे मुद्दाम घातला. ज्या खोदकामाला रोजगार हमीतून मजुरी मिळू शकते ते पन्नास मुलांनी सात दिवसांत फुकट उरकलं, तर गावातल्या भूमिहीन कुटुंबांचे कामाचे दिवस गेले. रोजगार हमी ही याच राज्याने देशाला दिलेली कल्पना आहे. तेव्हा समतल चर, शेततळी, रस्त्याची मोठी कामं ग्रामपंचायतीच्या रोहयो आराखड्यात बसतात का ते आधी पाहावं. बसत असतील तर विद्यार्थ्यांनी मागणी अर्ज भरून द्यायला, कामाची मोजमापं तपासायला मदत करावी. श्रमदान हवंच. आनंदवनच्या परिवाराने सोमनाथला श्रमसंस्कार छावण्या चालवल्या त्या तरुणांना घाम कळावा म्हणून. पण मुलांच्या शिक्षणासाठी करायचं श्रमदान आणि गावाचा रोजगार यांची गल्लत नको.

पैसे कुठून येतात?

एनएसएसचं अनुदान २०१६-१७ पासून पूर्णपणे केंद्राकडून येतं, त्याआधी राज्याचाही वाटा असायचा. ते तुटपुंजं असतं आणि उशिरा येतं, त्यामुळे शिबिराचा किराणा उधारीवर येतो हे उघड गुपित आहे. कंपन्यांचा सामाजिक निधी मागायला हरकत नाही, मात्र टीशर्टवरच्या बोधचिन्हासाठी काम बदलू नका. गावाने धान्य आणि सरपण द्यावं, कॉलेजने बाकीचं बघावं, ही जुनी रीत अजूनही चांगली चालते.

काम जमलं की नाही ते कसं कळणार?

दोन वर्षांनी गावाने तुम्हाला स्वतःहून फोन केला तर जमलं. अहवालासाठी विचारत असाल, तर स्वयंसेवकांची संख्या आणि तास लिहून भागत नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात किती झाडं जिवंत, मार्चमध्ये विहिरीला किती फूट पाणी, पाण्याचे किती नमुने तपासले, किती अर्ज मंजूर झाले, हे लिहा. मूल्यांकन समितीपुढे आकडे छोटे दिसतील, दिसू द्या.

माजी विद्यार्थी पुण्या-मुंबईत किंवा परदेशात आहेत. त्यांना काय सांगावं?

एकदाच मोठी देणगी देण्यापेक्षा विहिरींच्या नोंदी किंवा पाण्याचे अहवाल दरवर्षी नीट मांडून ठेवायला कुणी दोन रविवार दिले तर ते जास्त उपयोगी. आणि गावी आल्यावर शाल-श्रीफळाची अपेक्षा ठेवू नये.

शिबिराचा समारोप किती वेळाचा असावा?

पाऊण तास. पाहुणे दोन, त्यांतला एक गावातला. अध्यक्षीय भाषण दहा मिनिटं. मुलांना भांडी घासून, शाळेच्या खोल्या झाडून, शिल्लक किराण्याचा हिशेब देऊन संध्याकाळची पाचची एसटी गाठायची असते.